सरांच्या भिंतीवरचा तांबडा बाण

रस्ता अडवायला निघालेल्या माणसांकडून रस्ता अडो न अडो, किस्से मात्र अडत न्हाईत. आमच्या लातूरच्या गल्लीनं हायवेविरुद्ध समिती काढली होती. तिचे किस्से मी अजून चहावर विकतोय. सगळ्यांत गाढव मीच, म्हणून गिऱ्हाईक तुटत न्हाई.

सुरुवात माझ्याच हातानं झाली. पलीकडच्या पेठेत घरांवर तांबड्या खुणा पडत होत्या. खूण पडली की घर हायवेत गेलं. इकडं पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला तांबडा रंग माझ्यापाशी, आणि शेजारी जोशी सरांचं नवंकोरं घर. हात खाजला! सर क्लासवर गेलेले बघून भर दुपारी ब्रशनं भिंतीवर एक बाण ओढला, त्यांच्याच नळावर हात धुतले. संध्याकाळी सांगून हसायचं, असा बेत.

संध्याकाळपर्यंत सरांनी समिती स्थापन केली होती. सेक्रेटरी मी!

*

आता सांगावं कसं? हसण्यावारी नेता येईना, ते सरांच्या मंडळींमुळं. म्हणजे आमच्या वैनी. त्यांचं माहेरचं घर भूकंपात बसलं. तेव्हापासून त्या छताखाली निजत नसत, अंगणात बाज टाकायच्या. सरांनी कॉलम-बीमचं घर बांधलं, तेव्हा कुठं दोन महिन्यांपासून आत निजायला लागल्या होत्या. बाण दिसला, आणि बाज परत अंगणात.

पाप फेडायला मी रोज सकाळी त्यांचं अंगण झाडू लागलो, पाणी भरू लागलो. वैनी म्हणायच्या, "बापूराव, असा शेजारी नशिबानं मिळतो."

मी आणखी दोन घागरी भरायचो.

*

अर्जाचा नमुना सरांनी केला. गणिताचे क्लास घेणारा माणूस, त्यानं तो ऑब्जेक्टिव्हच काढला! हायवे (अ) रद्द करावा, (ब) वळवावा, (क) अरुंद करावा, (ड) यापैकी नाही. सह्यांना क्लासचीच पोरं, किनवट-हिमायतनगरहून येऊन गल्लीत खोल्या करून राहिलेली. झाडून सगळ्यांनी 'ड'ला गोल केला. का म्हणून विचारलं, तर एकजण म्हणाला, "काका, येत नसलं की ड मारायचा."

*

मग सुनावणी. हायवेच्या ऑफिसातल्या साहेबांनी नकाशा पसरला आणि म्हणाले, तुमच्या गल्लीतून हायवे जातच नाही.

आम्ही नकाशात गल्ली हुडकू लागलो. तेवढ्यात सायकलदुकानवाले गफूरभाई उठले. हायवे आला तर खोल्यांचं भाडं वाढेल, हे त्यांना तिथंच सुचलं होतं. "का न्हाई जात? आमच्या गल्लीत काय कमी हाय?"

गल्लीनं माना डोलावल्या.

साहेब चक्रावले. अर्ज विरोधाचा आहे का मागणीचा, असं विचारू लागले. सगळ्यांनी सेक्रेटरीकडं बघितलं.

मी म्हणालो, "ड."

*

आता बोलणं भागच होतं. तडक वैनींपुढं जाऊन, मान खाली घालून, बाणाचं सगळं सांगितलं. त्या शेंगा फोडत होत्या. ऐकून घेतलं, आत गेल्या, आणि माझा ब्रश आणून हातात दिला. रॉकेलनं धुतलेला.

"त्याच दिवशी नळापाशी विसरलात."

"म्हणजे पहिल्यापासून ठाऊक होतं? मग अंगणात का निजलात वैनी?"

"आत निजले असते तर तुम्ही अंगण झाडलं असतं का?"

मी ब्रश खिशात घातला. त्या म्हणाल्या, बाज आत घ्यायला हात लावा. आम्ही दोघांनी उचलली. उंबऱ्यावर मात्र वैनी थांबल्या. वर छताकडं बघत राहिल्या, बराच वेळ.

मग म्हणाल्या, "बापूराव, आधी तुम्ही निजा. तासभर."

निजलो.