सरावाची सीडी

माझी बायको धवलारीण होती, लग्नात धवले गायची. ती वारल्यावर गावच्या बेंजो पार्टीने तिच्यासोबत स्टुडिओत केलेल्या सरावाची सीडी काढली. पनवेलचा दुकानदार म्हणाला, "काका, ही नका घेऊ. नुसती मस्करी आहे, एक गाणं पुरं नाय."

मी घेतली, पण लावताना मनात आलं, ज्या खोकल्यानं ती गेली, तोच त्यात असला तर?

गाणं मध्येच थांबलं. ती ढोलवाल्यावर ओरडली, "आरं हलू वाजव, नवरी पलून जाईल." सगळे हसले. मग खोकला आलाच. तो थांबेपर्यंत मी श्वास रोखून बसलो. ती पुढे गायली.

गाण्यांसाठी घ्याल तर सीडी टाकाऊ आहे. मला ती पुन्हा लावायची भीती वाटते, आणि हरवायचीही.