गाठी सोडवणारं एंझाइम

वसमतच्या कॉलेजात मी वीस-बावीस वर्षं केमिस्ट्री शिकवली. शिकवलेलं बरंचसं विसरलो, पण किस्से काही जात नाहीत. चार जुने मित्र भेटले की एकजण म्हणतो, ‘कदमसरांचं ते सांग,’ आणि मग चहा थंड होतो.

कदमसर आमचे हेड. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सिलॅबस बदलला आणि त्यात एक नवीन प्रकरण आलं : प्रोटीन डायसल्फाइड आयसोमरेज. प्रोटीनच्या लांब धाग्यात गंधकाचे हात असतात. ते दोन-दोन जुळले की धाग्याची घडी पक्की बसते. कधी चुकीचे हात जुळतात, तेव्हा हे एंझाइम ती गाठ सोडवून बरोबर जुळवून देतं. सरांच्या काळात हे नव्हतं, माझ्याही नव्हतं. नांदेडहून एकच पुस्तक आणलं, ते आम्ही दोघांनी आळीपाळीनं वाचलं.

सरांनी वर्गात सोपं करून सांगितलं. स्वतःच्या शर्टाची बटणं मुद्दाम खालीवर लावली. म्हणाले, “हे बघा, बटणं सगळी लागलीत, पण शर्ट बिघडला. एंझाइम काय करतं?” ते सोडवून दाखवणार तेवढ्यात घंटा झाली. सर तसेच थेट प्राचार्यांच्या मीटिंगला. तासभर सगळे त्या शर्टाकडे चोरून बघत होते. सगळे उठल्यावर प्राचार्यांनी सरांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, “कदमसर, घरी सगळं ठीक आहे ना?”

पोरांना एवढं लांब नाव झेपेना, म्हणून आम्ही ‘पीडीआय’ म्हणा म्हटलं. परीक्षेत कुरुंद्याच्या एका पोरानं लिहिलं : ‘पेशीत आयटीआय असते. तिथे प्रोटीनला योग्य वळण लावले जाते.’ मी शून्य देत होतो. सरांनी पेपर ओढून घेतला आणि अर्धा मार्क दिला. म्हणाले, “नाव चुकलं, काम बरोबर लिहिलंय.”

प्रॅक्टिकलसाठी एक रसायन मागवलं होतं. प्रोटीनमधल्या या गाठी ते तोडतं, आणि त्याचा वास म्हणजे सडकी अंडी. लॅब ऑफिसच्या भिंतीला लागून, आणि बाटलीचं झाकण नीट बसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणी बसेना. प्राचार्य म्हणाले, “उंदीर मेलाय, शोधा.” शिपायांनी दोन दिवस कपाटं हलवली. बाटलीचं आम्हाला दुसऱ्या संध्याकाळी कळलं, पण सांगायचं कसं? आणि तिसऱ्या दिवशी फायलींमागे खरंच एक उंदीर सापडला. वाळून लाकूड झालेला. त्याला वास यायचं कधीच संपलं असेल. आम्ही गुपचूप झाकण घट्ट केलं, वास गेला, आणि प्राचार्य वर्षभर सांगत राहिले, “मी म्हटलं नव्हतं?”

पीडीआयचं हे प्रकरण खरं कळलं ते सुनीता राठोडला. बाळापूरजवळच्या तांड्यावरची पोरगी. हुशार आणि हट्टी. एमएस्सी झाल्यावर पुण्याला याच एंझाइमवर संशोधनाची जागा मिळाली, पण घरी सोयरीक ठरलेली. पाहुण्यांची अट अशी, की शिक्षण आता बस. तिचे वडील, रामराव, मला भेटायला आले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“पोरगी जातोच म्हणून राहिली. सर, तिथं ती करणार तरी काय?”

मी जमेल तसं सांगितलं. रामराव लक्ष देऊन ऐकत होते.

“म्हंजे जुळलेली गाठ सोडते?”

“चुकीची जुळली असेल तर.”

“मंग आधीच बराबर काहून जुळत न्हाई?”

“घाईत होतं कधीकधी.”

त्यांनी पुढ्यातला चहा बशीत ओतला. मग म्हणाले, “अन् वेळेत सोडली न्हाई तर?”

“तर सगळी पेशीच बिघडते.”

त्यांनी चहा संपवला, टोपी घातली आणि उठून गेले. सुनीताचं आता काही खरं नाही, असं मला वाटलं. रात्री जेवण गेलं नाही.

आठ दिवसांनी ते परत आले. हातात पुण्याचा फॉर्म, माझी सही पाहिजे होती. मला इतका आनंद झाला की पेन सापडेना.

“आणि सोयरीक?”

“सोडली.”

“पाहुण्यांना काय सांगितलं?”

“तुमी सांगितलं तेच. पर मला ते बराबर सांगता येईना. मी म्हनलं, सरांलाच इचारा.” त्यांनी खिडकीकडे बोट केलं. “खाली जीपमधून उतरून राहिले.”