पियुषचं नाव वगळून

वर्षाली तिवशाकडच्या फुलं पिकवणाऱ्या घरातली. वडील पुंजाराम झेंडू-शेवंती घेऊन अमरावतीला येत. ती राजापेठेत वामनरावांच्या छापखान्यात कामाला होती. तिथं डिझाइनसाठी मॅक, टायपिंगला विंडोज आणि प्लेट काढायच्या मशीनवर लिनक्स. तिघांचं आपसात पटत नसे. फायली पेनड्राइव्हवर फिरत आणि व्हायरसही त्यांच्यासोबत फिरे. वर्षालीने अडगळीतला जुना कॉम्प्युटर झाडून-पुसून घेतला, त्यावर वेगवेगळ्या मशीनना एकाच जागेच्या फायली वाटून देणारं सांबा नावाचं सॉफ्टवेअर बसवलं आणि साऱ्या फायली एका जागी आणल्या. कोणत्याही मशीनवरून त्या उघडू लागल्या. हे तिने माउसला हात न लावता, काळ्या पडद्यावर कमांड टाइप करत, चुकत-माकत केलं.

मग वामनरावांचा पुतण्या पियुष पुण्याहून कोर्स करून आला आणि गिऱ्हाइकांसमोर "माझी सिस्टीम" म्हणू लागला. तेवढं तिने सोसलं. पण दसऱ्याच्या तोंडावर त्याने जागा मोकळी करायला एक कमांड मारली आणि एका संस्थेची तयार स्मरणिका पुसली गेली. वर्षाली शेजारीच उभी होती. वामनराव आत आले तसा पियुष म्हणाला, "काका, हिनंच पुसलं."

नेमके तेव्हाच पुंजाराम मशीनच्या पूजेची फुलं घेऊन दारात आले होते. पियुष त्यांच्याकडे वळला. "पोरीले फुलंच इकू द्या बाबा. हे काम तिच्या डोक्याचं नाई."

वामनरावांनी पुतण्याचं ऐकलं आणि तिला घरी बसवलं. पूजेची फुलं तशीच घेऊन वडील तिच्यासोबत एसटी स्टँडकडे निघाले. त्यांची खाली गेलेली मान पाहूनच तिने ठरवलं, पियुषला सोडायचं नाही.

अकोल्यात तिला दुसऱ्या छापखान्यात काम मिळालं. वामनरावांना घरून कामं पाहता यावीत म्हणून राजापेठेच्या सर्व्हरला, म्हणजे त्या जुन्या कॉम्प्युटरला, बाहेरून यायची वाट तिनेच करून दिली होती. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने सहज त्या वाटेने आत जाऊन पाहिलं. वाट उघडी, पासवर्ड तोच. पियुषने काहीच बदललं नव्हतं.

तिने एसएमबीस्टेटस टाइप केलं. कोण कोणत्या मशीनवर बसलंय, कोणाची कोणती फाइल उघडी आहे, सगळं समोर आलं. पियुष एका लग्नपत्रिकेवर काम करत होता. तिने त्याच्या जोडणीचा नंबर पाहिला आणि एसएमबीकंट्रोलने तेवढीच जोडणी तोडली. डबा खाताना तिला खूप दिवसांनी चव लागली.

फायलींना ती हात लावत नसे. फक्त पियुषला बाहेर काढी, रोज, काम रंगात आलं की. त्याने केबल बदलली, स्विच बदलला, शेवटी मशीनही बदलली. टायपिंगवाली पौर्णिमा, तिची मैत्रीण, फोनवर सांगे, "त्याचंच काहून बंद पडते, समजतच नाई वो. काका कावून राह्यले."

"कावू दे," वर्षाली म्हणे.

मग पौर्णिमाच्या तोंडून कळलं की मोठं गिऱ्हाईक सिस्टीम पाहायला येणार आहे. त्या सकाळी वर्षालीने सांबाच्या सेटिंगमधल्या परवानगीच्या ओळीतून पियुषचं नाव काढलं, टेस्टपार्मने ओळ तपासली आणि सांबाला नवी सेटिंग वाचायला लावली. सगळ्यांचं उघडलं. पियुषच्या पडद्यावर मात्र, पाहुण्यांसमोर, एकच उत्तर येत राहिलं: परवानगी नाही. पाहुणे चहा न घेताच उठले.

वामनरावांचा फोन आला. "बाई, येऊन पाहतं का?"

"येतो. पण आधी पियुषनं माया बाबाले जाऊन सांगावं, स्मरणिका कोणं पुसली ते."

वामनरावांनी फोन ठेवला. मग पुतण्याला समोर बसवून त्यांनी खरं काढलं आणि स्वतः त्याला पुंजारामांच्या शेतावर घेऊन आले. वर्षाली बांधावर उभी होती. पियुष मान खाली घालून म्हणाला, "मीच पुसलं होतं. तिच्यावर खोटा आळ घेतला."

पुंजारामांनी ओंजळीतला झेंडू टोपल्यात टाकला. "मले तुया सांगण्याची गरज नोती, बाबू. माई पोरगी खोटं बोलत नाई."

वर्षालीला पियुषचा पडलेला चेहरा डोळे भरून पाहायचा होता. पण वडिलांच्या त्या वाक्याने तिचीच नजर खाली गेली.

छापखान्यात येऊन तिने दुरुस्तीचं नाटक केलं. "कशानं बिघडलं होतं?" वामनरावांनी विचारलं.

"परवानग्यांचा घोळ होता," ती म्हणाली. खरं सांगायला तोंड उघडलंच नाही. बाहेरून यायची वाट तिने बंद केली.

"पियुषचं काय करू?" तिने विचारलं.

"फायली दिसू दे त्याले. पण हात लावता नाई आला पायजे," वामनराव म्हणाले.

तिने त्याचं नाव परत घातलं, फक्त वाचायच्या परवानगीपुरतं. वामनरावांनी नोकरी पुढे केली, ती तिने नाकारली.

त्यानंतर घरी गेली की वडिलांसमोर ती फार वेळ बसत नाही. पौर्णिमाचा फोन मात्र अजून येतो. कोणतीही फाइल बदलायची तर पियुषला पौर्णिमाकडे जाऊन "ताई, एवढं करून द्या" म्हणावं लागतं, असं ती सांगते.

"आज कितीकदा म्हणाला?" वर्षाली विचारते. "अन् तोंड कसं करते ते सांग ना."