ती नोंद व्यंकटच्या नावावर आहे

व्यंकट गेल्याचा निरोप त्याच्याच नंबरावरून आला. त्या नंबरावरून येणारे निरोप एरवी ठरलेले असत : 'हे पान तुझ्या मोबाईलवर उघडून बघ', 'हे बटण बोटाला सापडतंय का सांग'. त्या दुपारी मी एका दुकानाच्या वेबसाइटचं काम करत होतो. हातातली ओळ पूर्ण करूनच मी फोन उचलला. वहिनींनी लिहिलं होतं, 'भावजी, हे गेले. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.' पंचेचाळिशीही गाठली नव्हती त्यानं... याला आता दीड महिना झाला.

परभणीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीतल्या एका लहान कंपनीत आम्ही दोघं वेबसाइट बनवायचो. तो जिंतूर तालुक्यातल्या बोरीचा, मी परभणीचाच. कोड लिहिण्यात तो माझ्यापेक्षा सरस होता, आणि सावध. चालू साइटला थेट हात लावायचा नाही; तिची नक्कल आपल्या मशीनवर घ्यायची, तिथं काय मोडतोड करायची ती करायची, मगच वर चढवायची, हा त्याचा नेम. मला तेवढा धीर नसे. "लोकं आत बसलेली असताना तू घराचे पत्रे काढायलास," म्हणून तो हसायचा. माझं लॉगिन मिळायला वेळ लागला तेव्हा त्यानं आपला पासवर्ड मला देऊन टाकला. "तुझं येईपर्यंत माझं वापर. काय चोरणार हायस त्यातून?" पुढे माझं आलं, तरी सवयीनं मी त्याचंच वापरत राहिलो.

एका कॉलेजच्या प्रवेशअर्जांची साइट आमच्याकडे होती. शेवटच्या दिवशी एका मुलीचा अर्ज दोनदा आला. त्यातला एक काढायचा होता. अशा आज्ञेच्या दोन ओळी असतात. पहिली म्हणते 'काढ', दुसरी सांगते कोणाचा. मी माऊसनं पहिलीच ओळ निवडली आणि चालवली. थेट, चालू साइटवर. सगळे अर्ज गेले. व्यंकटनं आदल्या दिवशी घेतलेल्या बॅकअपमधून बरेच परत आले, त्या दिवशीचे आले नाहीत. खेड्यांतून एसटीनं येऊन, नेट कॅफेसमोर रांग लावून भरलेले अर्ज होते ते. मालकांनी नोंदी उघडल्या. आज्ञा चालवणाऱ्याच्या रकान्यात व्यंकटचं नाव होतं. सगळ्यांसमोर त्यांनी त्याला विचारलं. व्यंकटनं एकदा माझ्याकडे पाहिलं. माझं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं त्याला ठाऊक होतं... मी स्क्रीनकडे बघत राहिलो. "नाव माझंच हाय, सर," तो म्हणाला. खोटं असं काहीच बोलला नाही तो. संध्याकाळी डबा पिशवीत टाकून त्यानं बोरीची गाडी धरली. परभणीत त्याला पुन्हा कोणी काम दिलं नाही. मला तिथंच बढती मिळाली, आणि मी ती घेतली.

बोरीत बसून तो बियाण्यांच्या दुकानाची, जिंतूरच्या एका मंगल कार्यालयाची, अशी मिळतील ती कामं करत राहिला. फोन तोच करायचा. मी नव्या नव्या साधनांचं कौतुक सांगायचो; तो सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "एक फोन नंबर दाखवायला एवढं लटांबर कशाला, गड्या? आमच्या शिवारात रेंजची एकच काडी असती." पान तयार झालं की काच तडकलेला जुना मोबाईल घेऊन तो बांधावर जायचा, तिथं उघडलं तरच ते पास. त्या दिवसाविषयी तो कधी बोलला नाही. दर फोनला मला वाटायचं, आज बोलू... पण त्याला काय सांगणार, त्याला तर माहीतच होतं. सांगायचं होतं ते बाकीच्यांना.

चौदाव्याला बोरीला गेलो. त्याच्या वडिलांनी, अण्णांनी, मला जवळ बसवून घेतलं. "तू तरी त्याला टाकलं न्हाईस," ते म्हणाले. "लोकांच्या लेकरांचे अर्ज बुडवून आला, तरी तू बोलत राहिलास त्याच्यासंगं. लय उपकार झाले."

तेव्हा मी सांगून टाकलं.

अण्णा उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. "त्याला ठाव व्हतं?"

"हो."

"मी त्याला जेवता जेवता बी बोलायचो. परभणीत दिवे लावून आलास म्हनायचो... मंग त्यो मला का न्हाई बोलला?"

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेल्या. खरं बोललो की ओझं उतरेल, असं इतकी वर्षं मी समजत होतो. ते उतरून अण्णांच्या अंगावर गेलं. तोवर ते चुकलेल्या पोराचं दुःख करत होते. आता आपणच रोज टोचलेल्या पोराचं.

निघताना त्यांनी विचारलं, "तिथलं नाव बदलता येतं का?" ती साइट केव्हाच बंद पडली, कंपनीही मोडली; जे बदलायचं ते आता कुठं सापडणार नाही, हे मी त्यांना समजावलं. "मंग तू पेपरात लिही," ते म्हणाले. म्हणून हे लिहिलं.

अण्णांना आता अक्षर दिसत नाही. वहिनी वाचून दाखवतील, व्यंकट काम करायचा त्याच खोलीत. त्याच्या खुर्चीवर अजून कोणी बसत नाही. अण्णा त्या खुर्चीच्या पायाशी, जमिनीवर बसतात. वाचून झालं की ते पुन्हा तोच प्रश्न विचारतील, 'मला का न्हाई बोललास?'... खुर्चीकडे बघून. मला नाही.