जीभ काढलेला चेहरा

लेकीला वैशाखात रोह्याला दिली. पहिल्या आषाढात नव्या सुनेने सासूचं तोंड पाहू नये, म्हणून तिला माहेरी आणायची आमच्याकडे रीत आहे. मी वाट बघत होते. तेव्हा तिचा मेसेज आला, ‘आई, मला यंदा पाठवणार नाहीत.’ पुढे एक पिवळा चेहरा. जीभ बाहेर काढलेला, एक डोळा मारलेला.

मला वाचता येतं, पण सावकाश. अक्षरांचा अर्थ लागला, चेहऱ्याचा लागेना.

मी हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जाते. शेजारी बसणाऱ्या पोरीला मोबाईल दाखवला.

“अगो काकी, मस्करी करते ती तुझी. जीभ काढलीय बघ. उद्या दारात उभी राहील.”

समोर मूर्तीचा पीतांबर रंगवणारी बाई मान वर न करता म्हणाली, “मस्करी कसली? माझी भाची पन हेच धाडते. घरात सगळी तिचा फोन बघतात. असलं तोंड लावलं की कोन काय विचारत नाय.”

“तू गप गो! काकीच्या जिवाला घोर नको लावूस.”

फोन केला की सासू जवळच असते. लेक फक्त “बरं हाय” म्हणते. म्हणून मी लिहिलं, ‘खरं सांग.’ उत्तरात पुन्हा तसलेच चेहरे आले, ओळीने.

मग पेणहून गाडी धरली. विहीणबाईंनी खुर्ची दिली. “आषाढ आहे, न्यायला आले,” मी म्हटलं.

“आता कोन पाळतं हो? लावणी चाललीय, तिला कशी सोडू?” त्या हसत म्हणाल्या. “चहा तरी घेता ना? का लेकीच्या घरचं पाणी पन चालत नाय तुम्हाला?”

मी चहा घेतला.

लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वाळली होती की उन्हापावसात नुसती रापली होती, कळेना. मी बघतेय म्हटल्यावर तिने सासूच्या पाठीमागून जीभ काढली, डोळा मारला. लहानपणी करायची तसंच. चार हातांवरून बघत होते मी, माझ्याच पोटची पोर, तरी ही मस्करी की आणखी काही, मला सांगता येईना.

ती अंगणापर्यंत सोडायला आली. मी हळूच विचारलं, “येतेस का गो? आत्ता, अशीच?”

तिने मागे घराकडे बघितलं. मग माझा पदर खांद्यावर नीट केला.

“तू जा आई. गाडी चुकेल तुझी.”

रोहा सुटल्यावर मोबाईल वाजला. ‘नीट जा.’ पुढे या वेळी चेहरा नव्हता. निडी गेलं, नागोठणं गेलं. मी एकेक अक्षर टाकत होते आणि पुसत होते.