अकरा लाल झाकणं

आमच्या शाळेत दोन खोल्या, दोन शिक्षक आणि चार वर्ग. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी राजेश्वरीबाईंकडे. मी मुख्याध्यापक, म्हणजे दोघांतला जुना, एवढाच त्याचा अर्थ. तिकोणा गडाच्या पायथ्याशी माझी सतरा वर्षं शांतपणे गेली होती. गेल्या जूनमध्ये बाई बदलून आल्या आणि ती शांतता संपली.

बाई लोणावळ्याहून स्कूटरवर येत. गाडी लावली की डोक्यावर हेल्मेट असतानाच बाकं ओढायला लागत. त्यांच्या खोलीत चौघं दाटीवाटीनं बसतील अशी सहा लांब बाकं आणि मुलं अकरा. आधी बाकांच्या रांगा होत्या. आठवड्यात त्यांचा गोल झाला. मग मधे जागा सोडून तिन्ही बाजूंना बाकं लागली, मग पुन्हा गट. फरशीवरून बाक घासल्याचा आवाज भिंतीतून येई आणि माझी पहिलीची पोरं पाढा विसरत. मी माझी बरी खुर्ची बाईंना दिली होती. त्या तिच्यावर कधी बसल्या नाहीत, तिच्यावर वह्यांचा गठ्ठा बसला. खिचडी शिजवणाऱ्या नंदाबाई म्हणायच्या, “बाईंच्या पायाला भिंगरी हाय. निस्तं बघून माजं गुडगं दुखत्यात.”

मी एकदा विचारलं, “बाई, बाकं आहेत तिथं राहिली तर काय बिघडतं?”

“मागच्या पोराला कळलं नाही, हे मला मागं जाईपर्यंत दिसत नाही, सर. मला एका नजरेत दिसलं पाहिजे.”

त्यांची घाई उगीच नव्हती. चौथीतल्या समीक्षाचे वडील सोपान पवनेच्या काठी पर्यटकांना तंबू भाड्यानं देतात. जूनमध्येच ते सांगून गेले होते, “दिवाळीपतोर बघतो, बाई. पोरीला भागाकार आला तर ठिवतो हितं. न्हाईतर दाखला घिऊन पिवळ्या गाडीच्या शाळंत घालतो.” पिवळी गाडी म्हणजे इंग्रजी शाळा. आमचा पट इतका तोकडा की समीक्षा गेली असती तर दुसऱ्या शिक्षकाचं पदही गेलं असतं. बाई गेल्या असत्या आणि चारही वर्ग माझ्या गळ्यात पडले असते.

नुसतं विचारून काही कळायचं नाही. “समजलं का?” म्हटलं की अकरा तोंडांतून एकदम “व्हय बाई” यायचं. आमच्याकडची पोरं मोठ्या आवाजात बोलणाऱ्या कोणालाही व्हय म्हणतात, त्याचा समजण्याशी संबंध नसतो. बाईंनी त्यावर तोड काढली. गडावर येणारी शहरी मंडळी बाटल्या टाकून जातात. बाई मुलांना घेऊन पायऱ्या चढल्या, झाकणं गोळा केली, धुतली आणि प्रत्येकाला दोन वाटली, एक निळं, एक लाल. गणित झालं की त्या म्हणत, “झाकण.” समजलं तर बाकाच्या कोपऱ्यावर निळं ठेवायचं, नाही समजलं तर लाल. तोंडानं नाही म्हणायची लाज नको. बाईंनी एक चक्कर मारली की सगळा वर्ग कळला.

पहिल्या दिवशी चार लाल दिसली, तिसऱ्या दिवशी दोन. आठवड्यानं सगळी निळी. बाई खूश झाल्या आणि भागाकार पुढं पळायला लागला.

आता माझं पाप सांगतो. झाकणं हा आमच्या पोरांचा खेळ आहे. जमिनीवर रिंगण आखायचं, टिचकीनं दुसऱ्याचं झाकण बाहेर घालवायचं, घालवलं की ते आपलं. पाण्याच्या बाटल्यांची निळी पोत्यानं मिळतात, त्यांना कोण विचारतो. लाल एक म्हणजे निळी दहा. बाईंना हे ठाऊक नव्हतं. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात, माझ्या डोळ्यांसमोर, समीक्षानं एकेकाचं लाल झाकण जिंकलं. आठ दिवसांत अकराही तिच्या कंपासपेटीत गेली. इतरांकडे ठेवायला लाल उरलंच नाही. तिच्याकडे सगळी होती, पण एक जरी काढलं तर बाकीची जप्त होतील म्हणून तीही निळंच ठेवायची.

मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मला त्या बाकांच्या आवाजाचा राग होता, आणि झाकणं आल्यापासून बाकं जरा कमी हलत होती. एवढी हुशार बाई आहे, तिचं तिला कळेल, असंही वाटलं. पण भिंतीपलीकडून “झाकण” ऐकू आलं की मी जागेवरून उठायचो. तीनदा मी त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि खडू मागून परत आलो.

दिवाळीच्या सुट्टीला आठ दिवस असताना सोपान आले. चपला बाहेर काढून थेट बाईंच्या वर्गात गेले. मला राहवेना, मीही मागोमाग गेलो.

“समीक्षा,” ते म्हणाले, “शनवारी तेवीस मानसं यायची हायती. एका तंबूत चार. किती तंबू लावू?”

बाई निर्धास्त होत्या. बाकांच्या कोपऱ्यांवर अकरा निळी झाकणं होती. समीक्षानं पाटीवर तेवीस लिहिले, त्याखाली चार लिहिले आणि वजा केले. “एकोणीस,” ती म्हणाली.

“येवढं तंबू माज्याकडं न्हाईत, पोरी,” सोपान म्हणाले.

बाई शेजारच्या अम्माराकडे वळल्या. तिलाही जमेना. मग तिसऱ्याकडे, चौथ्याकडे. त्यांची चाल वाढत गेली. “मग लाल का नाही ठेवलं? लाल कुठं आहेत?”

समीक्षानं कंपासपेटी बाकावर पालथी केली. एक लाल झाकण घरंगळत बाईंच्या पायापाशी जाऊन पडलं.

बाई खुर्चीत बसल्या, त्या वह्यांच्या गठ्ठ्यावरच. चार महिन्यांत त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं.

“गुरुजी, दाखला लिवा,” सोपान म्हणाले.

“सोपानभाऊ, चूक बाईंची नाही,” मी म्हणालो. “लाल झाकणं पोरं खेळात हरली, हे मला महिनाभर ठाऊक होतं. बोललो नाही.”

बाई रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. “महिनाभर, सर?” एवढंच म्हणाल्या. मग उठल्या आणि बाकं ओढायला लागल्या.

“एक बाक म्हणजे एक तंबू. एका तंबूत चौघं. बसा पटापट. सोपानभाऊ, तुम्हीही बसा.”

पोरं पळाली. दोन बाकं भरली. तिसऱ्यावर तीन पोरं आणि गुडघे पोटाशी घेऊन सोपान बसले. मी उभाच राहिलो.

“मला सोडून किती माणसं, समीक्षा?”

“तेरा.”

“तंबू किती भरले?”

“तीन.” तिनं माझ्याकडं बघितलं. “आन गुरुजी उरलं.”

“मग गुरुजींचं काय करायचं?”

ती उठली. चौथ्या बाकाचं टोक धरून, तोंड लाल होईतो ओढत तिनं ते माझ्यापर्यंत आणलं. “त्यास्नी बी तंबू लागंलच की. भाईर झोपत्याल व्हय? चार तंबू.”

मी बसलो. चौघांच्या बाकावर एकटा बसलो होतो, आणि माझी मान वर होईना.

“आन तेवीसला?” सोपाननी विचारलं.

ती बाकांना हात लावत फिरली. चार, आठ, बारा, सोळा, वीस. पाचव्या बाकाशी थांबली, पुटपुटली, मग सहाव्यावर हात ठेवला. “पाच भरलं. तिघं उरली, त्यास्नी येक. सा तंबू, दादा.”

सोपान गुडघे सोडवत बाकावरून उठले. “मी आपला अंदाजानं येखादा जास्ती लावायचो,” ते म्हणाले. “उरलेल्यांचं कसं करायचं ते आमाला कुनी दावलंच न्हाई.” मग चपला घालून गेले. दाखल्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि सुट्टी संपल्यावर समीक्षा आमच्याच शाळेत आली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी लाल झाकणांना भोकं पाडून ती सुतळीनं बाकांना बांधून टाकली. दोन झाकणं माझ्या टेबलावर आणून ठेवली. “ही तुमची, सर. काही दिसलं आणि बोलवत नसलं, तर लाल ठेवत जा.”

मी तिथंच लाल पुढं सरकवलं.

“काय झालं?”

“बाकांचा आवाज सहन होत नाही, बाई. जूनपासून.”

“मग दुसरं टोक धरा की,” त्या म्हणाल्या आणि वर्गात गेल्या. मी मागं गेलो. दोघांनी उचललं तर बाकाचा आवाज अजिबात होत नाही. आता रोज सकाळी प्रार्थनेआधी मी ते टोक धरतो.