स्वातीची बावीस मिनिटं

आधीच सांगतो, असल्या भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की "चला, चहा घेऊ" म्हणत उठणारा माणूस मी. राहतो संत तुकाराम नगरला, नोकरी भोसरीत, नकाशांच्या एका छोट्या ऑफिसात. जुनी लेणी, वीरगळ, पडकी देवळं… गावातून तिथं पायी पोचायला किती वेळ लागतो ते सॉफ्टवेअरवर काढायचं. चढउतार, ओढे, कंपन्यांची कंपाउंडं, सगळं त्यात भरायचं. मग कुणीतरी प्रत्यक्ष चालून मोबाइलवर वाट नोंदवून आणायची.

सात वर्षं मी हेच करतोय. आणि परभणीहून येऊन तेव्हा जेमतेम आठ महिने झालेली स्वाती सरांची लाडकी! "स्वातीचं काम बघा जरा," हे रोज ऐकायचं. टीम लीडची जागा निघाली आणि तिचं नाव पुढं आलं, तेव्हा तर नुसता जळफळाट. हो, जळत होतो. खोटं कशाला बोलू?

मार्चमध्ये तिनं चाकणच्या कंपन्यांमागच्या एका वीरगळाची वाट आणली. माझा नकाशा सांगत होता एक तास दहा मिनिटं. तिची नोंद – बावीस मिनिटं! तिच्या वाटेची रेघ एका कंपनीच्या दहा फुटी भिंतीतून सरळ आरपार. म्हटलं, सापडली! घरी बसून रेघ ओढलीय बाईनं. तडक सरांकडे गेलो.

"दोघं जाऊन चालून या," सर म्हणाले. "खोटं निघालं तर तिला ठेवणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला गावातून निघालो. लख्ख ऊन. ती दहा पावलं पुढं, बांधावरून, परभणीच्या हुरड्याबद्दल काहीबाही सांगत. माझं लक्ष तिच्या पायांवर. समोर भिंत आली. मनात म्हटलं, आता बघतोच कशी जातेस…

ती थांबलीच नाही. बोलत बोलत पुढं गेली आणि – दिसेनाशी झाली.

मी धावत जाऊन भिंतीला हात लावला. तापलेलं काँक्रीट. फट नाही, दार नाही.

"दादा, थांबलात का हो? या की!" पलीकडून तिची हाक आली.

"अगं, भिंत आहे इथं!"

"कुठली भिंत?"

वळसा घालून पोचलो, तर ही वीरगळापाशी डबा संपवून बसलेली. वर मलाच पाणी दिलं. "दमलात का दादा?" म्हणाली.

ऑफिसात सरांनी विचारलं, "वाट आहे?"

"नाही सर. भिंत आहे."

"दादा, तुम्ही माझ्या मागंच होतात की…" स्वाती एवढंच म्हणाली. सरांनी शब्द पाळला; महिनाअखेरीस ती परभणीला परत गेली.

तो काय प्रकार होता, मला आजही कळलेलं नाही. भास म्हणावा तर हाक स्पष्ट ऐकली होती. नंतर सहा वेळा जाऊन आलो, त्याच वेळी, त्याच बांधावरून. दर वेळी भिंतच. ती माझ्यादेखत पलीकडे गेली हे सरांना सांगितलं नाही, त्याची लाज वाटते, अगदी मनापासून वाटते. टीम लीड आता मी आहे. पण त्या भिंतीपुढं उभा राहिलो ना, की अजूनही तिच्यावर जळतो.